भंगारातली पितळी पाटी: ही 'बॅबकॉक' म्हणजे अणुभट्टीवालीच का?

पांझराकाठ, धुळे

राम राम मंडळी. धुळ्यात आमचं भंगाराचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. गेल्या महिन्यात अमळनेरकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधून वडिलांनी जुना बॉयलर उचलला. ट्यूबा आणि पत्रा वजनावर गेला, ड्रम अजून यार्डात पडून आहे. ड्रमच्या तोंडावर एक पितळी पाटी होती, जेवणाच्या ताटलीएवढी, पार हिरवी पडलेली. ती मी काढून घेतली. चिंच लावून घासली तेव्हा अक्षरं वर आली: 'बॅबकॉक अँड विल्कॉक्स लिमिटेड', त्याखाली 'लंडन' आणि 'रेनफ्रू', एक नंबर, आणि दाब १६० पौंड.

मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. या बॉयलरची आकृती परीक्षेत येते, म्हणून नाव पाठ होतं. पण परवा अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अपघाताविषयी वाचत होतो, तर तिथली अणुभट्टी बनवणाऱ्या कंपनीचं नाव हेच! कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातला बॉयलर आणि अणुभट्टी, दोन्ही एकाच घरचं? का नुसता नामसाधर्म्याचा प्रकार? आणि ती कंपनी आज आहे कुठे?

वडील म्हणतात, पितळेचा भाव बरा आहे, देऊन टाक. मला द्यावीशी वाटत नाही. पण का ठेवायची, हे त्यांना नीट सांगता आलं पाहिजे.

केळीवाला, रावेर

हो भाऊ, तीच कंपनी. आपल्याकडे पुण्याच्या थरमॅक्सबरोबर तिची जुनी भागीदारी होती, २०१० नंतर मोठ्या वीज केंद्रांचे बॉयलर बनवायला शिरवळला कारखानाही उभा केला होता. २०१८ मध्ये थरमॅक्सने त्यांचा हिस्सा विकत घेऊन टाकला. माझा चुलतभाऊ त्या भागात कामाला होता म्हणून माहीत.

बॉयलरवाले आप्पा, भुसावळ

बेटा, पाटी विकू नको. बाकीचं सावकाश सांगतो.

मी एकोणतीस वर्षं बॉयलरवर काढली. तेलगिरणीत कोळसा ओढण्यापासून सुरुवात केली, मग सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट. माझे उस्ताद सातवीसुद्धा शिकलेले नव्हते, पण 'बॅबकॉक' हा शब्द ते देवाच्या नावासारखा उच्चारायचे. त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे आणि उत्तर लांबणार.

रावेरच्या भाऊंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. थरमॅक्सबरोबर होती ती अमेरिकेची बॅबकॉक. तुझ्या पाटीवर 'लंडन' आणि 'रेनफ्रू' आहे, म्हणजे तुझी पाटी विलायतेच्या बॅबकॉकची. रेनफ्रू हे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ, क्लाइड नदीच्या काठी. या दोन सख्ख्या घरच्या, पण चुली वेगळ्या झालेल्या.

मूळ घर अमेरिकेचं. स्टीफन विल्कॉक्स आणि जॉर्ज बॅबकॉक हे दोघे र्‍होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचे. १८६७ मध्ये दोघांनी मिळून पेटंट घेतलं. त्या काळचे बॉयलर म्हणजे पाण्याने भरलेली मोठी टाकी आणि तिच्या आतून जाणारा जाळ. टाकी फाटली की आतलं सगळं पाणी एका क्षणात वाफ व्हायचं आणि खोली, माणसं, भिंती, काही उरायचं नाही. या दोघांनी डाव उलटा केला. पाणी बारीक तिरप्या नळ्यांत घातलं आणि जाळ बाहेरून फिरवला. एखादी नळी फुटली तर नुकसान तेवढ्या नळीचं. त्यांनी त्याला 'न फुटणारा बॉयलर' असंच म्हटलं होतं. १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलं तेव्हा वाफ याच बॉयलरांची होती.

हे ध्यानात ठेव. या कंपनीचा जन्मच माणूस वाचवण्याच्या कल्पनेतून झाला. पुढचं सांगताना मला ते सारखं आठवतं.

अमेरिकेबाहेरचा धंदा वाढला तेव्हा १८९१ मध्ये लंडनला वेगळी कंपनी काढली. १८९८ मध्ये जर्मनीतही एक निघाली. नकाशे एकमेकांचे, पण मालक वेगळे, हिशेब वेगळे. हिंदुस्थानात इंग्रजांच्या राज्यात आला तो माल साहजिकच विलायतेच्या घरचा. आपल्या खान्देशात कापसाच्या गिरण्या, जिनिंग, प्रेसिंग उभे राहिले तेव्हा वाफेशिवाय दुसरा आधार नव्हता, म्हणून तुझ्या पाटीचं गाव रेनफ्रू.

आता अणुभट्टीकडे येतो. तुझ्या पाटीच्या घरानेही अणुवीज केंद्रं बांधली. इंग्लिश इलेक्ट्रिक, बॅबकॉक आणि टेलर वुड्रो या तिघांच्या गटाने हिंकली पॉइंट 'ए', साइझवेल 'ए' आणि वेल्समधलं विल्फा ही केंद्रं उभी केली. त्या भट्ट्यांत उष्णता वाहून आणायला कार्बन डायऑक्साइड वायू होता. पहिल्या दोन केंद्रांत तो तापलेला वायू ज्या मोठ्या उभ्या भांड्यांतून जाऊन पाण्याची वाफ करायचा, त्यांना तिथली माणसं 'बॉयलर'च म्हणायची. जाळाच्या जागी अणू आला, बाकी काम तेच.

थ्री माइल आयलंड मात्र अमेरिकेच्या बॅबकॉकचं. ती कहाणी वेगळी लिहितो, आता नातवाला शाळेतून आणायचं आहे.

बॉयलरवाले आप्पा, भुसावळ

हं, आलो.

अमेरिकेच्या घरी अणूची सुरुवात आरमारातून झाली. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या युद्धनौकांवर बॅबकॉकचेच बॉयलर भरलेले होते, त्यामुळे नॉटिलस ही पहिली अणुपाणबुडी बनली तेव्हा तिच्यातही यांचे भाग गेले. सव्हाना नावाचं अणुशक्तीवर चालणारं मालवाहू आणि प्रवासी जहाज होतं, त्याची भट्टी यांची. आणि १९६२ मध्ये न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर इंडियन पॉइंटची पहिली भट्टी चालू झाली, तीही यांचीच.

इंडियन पॉइंटची एक गंमत बॉयलरवाल्याला लगेच कळते. अणुभट्टीतून येणारी वाफ ओली असते, जेमतेम उकळबिंदूवरची. टर्बाइनला कोरडी, अधिक तापवलेली वाफ मानवते. मग यांनी काय केलं? अणूने पाणी उकळलं, आणि पुढे तेलाच्या जाळावर चालणारे सुपरहीटर लावून तीच वाफ आणखी तापवली. अणू आणि तेल एकाच चुलीवर! बॉयलर बनवणाऱ्याला ओली वाफ बघवत नाही, हे मला अगदी आतून समजतं.

आणि तिथेच पुढच्या गोष्टीचं मूळ आहे असं माझं मत आहे. ही मोठी बाब आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. वेस्टिंगहाउससारख्या स्पर्धकांच्या भट्टीत वाफ तयार करणाऱ्या भांड्यात उलट्या 'यू'सारख्या नळ्या असतात आणि भोवती भरपूर पाणी. वाफ ओलीच मिळते, पण पाण्याचा साठा मोठा. बॅबकॉकने सरळ उभ्या नळ्यांचं उंच भांडं केलं. भट्टीचं गरम पाणी नळ्यांतून वरून खाली, आणि बाहेरचं पाणी एकाच फेरीत उकळून, वाफ होऊन, थोडं सुपरहीट होऊनच बाहेर. कारागिरी उत्तम. फक्त त्या भांड्यात पाणी थोडं. बाहेरून येणारं फीडचं पाणी थांबलं तर स्पर्धकांच्या भांड्यात कित्येक मिनिटं हाताशी असतात. यांच्या भांड्यात दोन-एक मिनिटांत ठणठणाट.

थोडं पाणी म्हणजे थोडा वेळ. बॉयलरवर काम केलेल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही.

धंदा मात्र जोरात होता. १९६० च्या दशकात इंडियाना राज्यात ओहायो नदीच्या काठी माउंट व्हर्नन इथे त्यांनी भट्टीची जाड पोलादी भांडी बनवायला नवा कारखाना टाकला. शेती सोडून आलेल्या माणसांना तिथे वेल्डिंग शिकवावं लागलं. मागण्या भराभर घेतल्या, पण काम वेळेवर निघेना, आणि शेवटी काही भांडी दुसऱ्या कारखान्यांकडे पूर्ण करायला पाठवावी लागली. तरीही अमेरिकेत या धाटणीच्या नऊ मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यातली पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडची दुसरी भट्टी १९७८ च्या डिसेंबरअखेरीस व्यापारी उत्पादनात आली. तीन महिन्यांत संपली.

शिक्षिका, नंदुरबार

आप्पा, तुमचं लिहिणं वर्गात वाचून दाखवावं असं आहे. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आमची तापी पुढे उकाईला आणि तिथून काकरापारला जाते, त्यामुळे अणुवीज केंद्राचा धडा आला की मुलं हमखास विचारतात, 'मॅडम, तिथे असं झालं तर?' मी त्यांना सांगते, की काकरापारच्या भट्ट्या जड पाण्याच्या, त्यांचा वंश कॅनडाकडून आलेला, पुढे आपल्याच लोकांनी वाढवलेला, आणि २२० मेगावॉटच्या दोन आणि ७०० मेगावॉटच्या दोन अशा चारही आपल्याच बांधणीच्या. तेवढं मला येतं. पण थ्री माइल आयलंडबद्दल मी वाचलेल्या एका पुस्तकात दोनच ओळी होत्या: ऑपरेटरांनी चुकून पाणी बंद केलं. चूक त्यांचीच होती का? तुम्ही स्वतः त्या जागी उभे राहिलेले आहात म्हणून विचारते.

बॉयलरवाले आप्पा, भुसावळ

ताई, बरं झालं विचारलंत. त्या दोन ओळी वाचल्या की माझा जीव तळमळतो.

आधी त्या रात्री काय झालं ते. २८ मार्च १९७९, पहाटेचे चार. फीडचे पंप बंद पडले. राखीव पंप आपोआप सुरू झाले, पण त्यांच्या वाटेवरचे व्हॉल्व्ह देखभालीनंतर बंदच राहिले होते. ते आठ मिनिटांनी लक्षात आलं. तोवर वाफेची भांडी कोरडी. भट्टीतला दाब वाढला, दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडला, भट्टी आपोआप बंद झाली. इथपर्यंत यंत्राने यंत्राचं काम केलं. दाब उतरल्यावर तो व्हॉल्व्ह मिटायला हवा होता. तो उघडाच अडकला.

पॅनेलवरचा दिवा काय सांगत होता? व्हॉल्व्हला 'मिट' असा हुकूम गेला, एवढंच. तो खरोखर मिटला का, हे सांगणारं काही नव्हतं. दिवा विझला, माणसांनी मानलं की व्हॉल्व्ह बंद.

मग पाण्याची पातळी. अशा भट्टीला एक उंच भांडं जोडलेलं असतं, खाली पाणी, वर वाफेची गादी. दाब सांभाळायचं काम ती गादी करते. पातळी मोजायची ती याच भांड्यातली, भट्टीतली नव्हे. गळका व्हॉल्व्ह याच भांड्याच्या माथ्यावर होता. खाली भट्टीत पाणी उकळून वाफेचे फुगे झाले आणि त्यांनी पाणी वर ढकललं. काट्यावर पातळी चढत होती आणि खरं तर भट्टी रिकामी होत होती. ऑपरेटरांना शिकवलं होतं, की हे भांडं काठोकाठ भरू द्यायचं नाही, गादी गेली तर दाबावरचा ताबा गेला. त्यांनी शिकवल्याप्रमाणे आणीबाणीचं पाणी कमी केलं. सव्वादोन तासांहून जास्त वेळ तो व्हॉल्व्ह उघडा राहिला. नंतर कळलं की भट्टीतलं जवळजवळ अर्धं इंधन वितळलं होतं.

आता माझी गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं मला सांगता येणार नाही.

मी नवखा असताना एका तेलगिरणीत रात्रपाळीला होतो. बॉयलरच्या पाण्याची पातळी काचेच्या नळीत दिसते, तुम्हाला ठाऊक आहे. बोअरचं पाणी क्षाराचं, खालचा कॉक आतून खपलीने बुजला. काचेत अर्ध्यापर्यंत पाणी, मी निवांत. उस्ताद सहज म्हणून आत आले, काचेकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "पोर्‍या, काच मरी गयी. जित्ती काच हालस." खरंच, चालू बॉयलरच्या काचेतलं पाणी सारखं थरथरत असतं आणि माझ्या काचेतलं पाणी चित्रासारखं स्थिर होतं. त्यांनी कॉक उघडझाप करून काच धुतली. काचेत काहीच चढेना. आम्ही जाळ ओढला, डॅम्पर म्हणजे धुराड्याची झडप लावली, आणि ताबडतोब पाणी घालायचा माझा हात त्यांनी धरून ठेवला. तापलेल्या ड्रमात गार पाणी म्हणजे मरण.

सकाळी वही उघडली. आधीच्या पाळीच्या माणसाने लिहून ठेवलं होतं: 'काचेचा खालचा कॉक जड जातो.' त्याच्या खाली माझी सही होती. मी न वाचता केलेली. चाळीसहून जास्त वर्षं झाली, ती ओळ मला अजून तोंडपाठ आहे.

म्हणून पुढची हकिगत मला पुस्तकातली वाटतच नाही. थ्री माइल आयलंडच्या दीड वर्ष आधी, २४ सप्टेंबर १९७७ ला, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात हुबेहूब हेच घडलं होतं. बॅबकॉकचीच भट्टी, तोच व्हॉल्व्ह उघडा अडकला, तीच फसवी पातळी, ऑपरेटरांनी तसंच पाणी कमी केलं. पण भट्टी शेकडा नऊ टक्क्यांवर चालत होती आणि वीसेक मिनिटांत एकाच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं. थ्री माइल आयलंडची त्या पहाटे सत्त्याण्णव टक्क्यांवर होती.

बॅबकॉकच्या लोकांना हे कळलं नव्हतं असं नाही. जोसेफ केली नावाच्या त्यांच्या अभियंत्याने १ नोव्हेंबर १९७७ ला टिपण लिहिलं, की आपल्या भट्ट्या वापरणाऱ्या सगळ्यांना सूचना द्यायला हव्यात. आणीबाणीच्या पाण्याचा हिशेब पाहणारे बर्ट डन हे त्याच्याहून वरचे. त्यांनी ९ फेब्रुवारी १९७८ ला कडक शब्दांत लिहिलं, की हीच घटना पूर्ण ताकदीवर झाली असती तर इंधन उघडं पडून नुकसान झालं असतं. आठवडाभराने दुसरं टिपण. पाणी कधी कमी करायचं आणि कधी नाही, याचा नियमही त्यात होता. कागद एका विभागातून दुसऱ्यात गेला. ग्राहक सांभाळणाऱ्या विभागाने शंका काढली, की असं केलं तर ते भांडं काठोकाठ भरणार नाही का? शंका बिनबुडाची नव्हती. फक्त तिचं उत्तर ज्यांनी द्यायचं, त्यांच्याकडून ते आलं नाही. महिने गेले. मार्च उजाडला तेव्हा थ्री माइल आयलंडच्या कंट्रोल रूममध्ये त्यातलं एक अक्षरही पोचलेलं नव्हतं. अपघातानंतर मात्र सूचना झटकन गेली.

हे सगळं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने तपासून १९७९ मध्येच छापलं आहे. आयोगाने ऑपरेटरांच्या चुका झाकल्या नाहीत. पण त्यांना मिळालेलं प्रशिक्षण, कंपनी, वीजवाले आणि सरकारी नियामक, सगळ्यांकडे बोट दाखवलं.

म्हणून ताई, मुलांना सांगा, की त्या पहाटे पाणी ऑपरेटरांनीच कमी केलं हे खरं आहे. आणि तसं करू नये हे जाणणारा माणूस त्याच कंपनीत तेरा महिने आधी लिहून मोकळा झाला होता, हेही तितकंच खरं आहे. दुसरी गोष्ट गाळून पहिली सांगितली तर ते खोटं होतं.

शिक्षिका, नंदुरबार

पुढच्या वर्षी हा धडा काचेच्या नळीपासून सुरू करणार आहे. तुमच्या उस्तादांचं वाक्य फळ्यावर अहिराणीतच लिहीन.

पांझराकाठ, धुळे

आप्पा, दोनदा वाचलं. मग त्या अपघातानेच कंपनी बुडाली का? आणि माझ्या पाटीच्या घराचं पुढे काय झालं?

बॉयलरवाले आप्पा, भुसावळ

नाही रे बेटा, बुडवलं दुसऱ्याच गोष्टीने.

अपघाताच्या आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, कंपनीचा मालक बदलला होता. समुद्रात तेलविहिरींचे सांगाडे बांधणारी मॅकडरमॉट आणि विमानाची इंजिनं बनवणारी युनायटेड टेक्नॉलॉजीज, दोघींनी बोली लावली आणि मॅकडरमॉटने घर घेतलं. म्हणजे डन यांचा कागद टेबलावर पडून होता त्याच सुमारास वर मालकी बदलत होती. दोन्हींचा संबंध होता असं मी म्हणत नाही, तसा पुरावा मला दिसलेला नाही. पण तारखा शेजारी ठेवल्या की वाईट वाटतं.

अपघातानंतर थ्री माइल आयलंडच्या मालकांनी बॅबकॉकवर ४०० कोटी डॉलरचा दावा लावला. १९८३ च्या जानेवारीत तडजोड झाली ती ३.७ कोटी डॉलरच्या सेवांच्या सवलतीवर. पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. मिशिगनमधलं मिडलंड आणि अलाबामातलं बेलफॉन्ट, यांच्या अर्ध्या बांधलेल्या भट्ट्या तशाच राहिल्या.

कंपनीला कोर्टाच्या दारात नेलं ते ॲस्बेस्टॉसने. बॉयलरभोवती गुंडाळायचं ते आवरण. त्याची धूळ छातीत जाऊन कामगार आजारी पडले, हजारो दावे लागले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. त्यातून २००६ मध्ये बाहेर आली. हे लिहिताना माझा हात थांबतो. मॅनहोलच्या झाकणाला लावायची ॲस्बेस्टॉसची दोरी आम्ही उघड्या हातांनी वळायचो, फाटलेली लपेटणी हाताने थापायचो. कुणी तोंडाला फडकं बांधायलाही सांगितलं नाही. माझे उस्ताद शेवटची चार वर्षं खोकतच होते. कारण काय ते कुणी तपासलं नाही, म्हणून मीही छातीठोक सांगू शकत नाही.

पुढचं पटकन सांगतो. २०१० मध्ये बॅबकॉक मॅकडरमॉटपासून सुटी झाली. लहान आकाराची 'एमपॉवर' भट्टी काढायची मोठी धडपड केली, अमेरिकन सरकारनेही पैसा लावला, पण २०१४ मध्ये हात आखडता घेतला आणि २०१७ मध्ये प्रकल्प गुंडाळला. २०१५ मध्ये घराच्या दोन वाटण्या झाल्या. बॉयलरचा धंदा बॅबकॉकच्या नावाने राहिला. अणूचं काम 'बीडब्ल्यूएक्स टेक्नॉलॉजीज'कडे गेलं, व्हर्जिनियातलं लिंचबर्ग हे त्यांचं गाव, आणि अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांच्या भट्ट्या आजही तेच बनवतात.

मात्र वीज केंद्रांच्या भट्ट्यांची देखभाल आणि इंधन हा भाग त्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या आसपास, फ्रान्सच्या फ्रामातोमकडे गेला होता. आधी भागीदारी, मग पूर्ण. ही फ्रामातोम १९५८ मध्ये निघाली ती वेस्टिंगहाउसचा परवाना घेऊन भट्ट्या बांधायला. २००१ मध्ये ती आरेव्हा समूहात गेली, तो समूह तोट्यात रुतल्यावर २०१८ मध्ये फ्रान्सची सरकारी वीज कंपनी ईडीएफ हिच्या छायेत पुन्हा फ्रामातोम झाली. कोकणात जैतापूरला १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांची बोलणी चालू आहेत, ती यांच्याच ईपीआर भट्टीची. म्हणजे जैतापूरच्या बातमीत जे घर येतं, त्या घरात बॅबकॉकची एक लेक नांदायला गेलेली आहे. थ्री माइल आयलंडच्या भट्टीच्या भावंडांची माहिती असलेली माणसं आणि कागद तिच्यासोबत गेले. माझ्या मते कंपनीचा इतिहास पाहायचा तो असा, नावाची पाटी कुणाच्या दारावर आहे ते नव्हे, तर वही कुणाच्या कपाटात गेली ते.

दक्षिण कॅरोलिनातल्या ओकोनीच्या तिन्ही बॅबकॉक भट्ट्या १९७० च्या दशकापासून अजून चालू आहेत. थ्री माइल आयलंडची पहिली भट्टी, जिला त्या अपघातात काही झालं नव्हतं, ती २०१९ मध्ये बंद झाली आणि आता मायक्रोसॉफ्टला वीज देण्याच्या करारावर पुन्हा सुरू करायची तयारी चालली आहे.

आता तुझी पाटी. विलायतेची कंपनी १९७९ मध्ये 'बॅबकॉक इंटरनॅशनल' झाली. आज ती मुख्यतः आरमाराची कामं करते, पाणबुड्या दुरुस्त करते. बॉयलरचा धंदा तिने १९९५ मध्ये जपानच्या मित्सुईला दिला, तिथून २००६ मध्ये तो कोरियाच्या दूसानकडे गेला. रेनफ्रूचं दार तेच, पाट्या मात्र बदलत गेल्या.

एक काम कर. पाटीवरचा नंबर कंपनीचा आहे. पण आपल्याकडे १९२३ च्या बॉयलर कायद्याप्रमाणे प्रत्येक बॉयलरला सरकारी नोंदणी क्रमांक मिळायचा आणि तो लोखंडातच ठोकलेला असायचा. ड्रमच्या पुढच्या तोंडावर, पाटीच्या आसपास बघ. रंगाच्या खाली असेल. वायर ब्रशने घास, मग खडू आडवा फिरव, आकडे उठतील. त्या क्रमांकावर बॉयलरची तपासणी वही असते. कुठल्या गिरणीत पहिल्यांदा बसला, कधी हलवला, दाब कधी कमी करून दिला, सगळं त्यात असतं. जिनिंगवाल्यांच्या जुन्या कपाटात ती वही पडलेली असू शकते, विचारून बघ.

पांझराकाठ, धुळे

आप्पा, कालच रात्री तुमचं सगळं वडिलांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी ड्रम कापायला गॅसकटरवाला येणार होता, त्याला त्यांनी स्वतः फोन करून दोन दिवस थांबायला सांगितलं.

दुपारी आम्ही दोघांनी मिळून ड्रमचं तोंड घासलं. काळ्या रंगाचे तीन थर निघाले. पाटीच्या जागेच्या खाली, डावीकडे, खडू फिरवल्यावर चार आकडे उठले. शेवटचा आकडा तीन आहे की आठ ते कळत नाही, फोटो टाकतो. उद्या मोटारसायकलवर अमळनेरला जातोय. जिनिंगच्या जुन्या मुनीमजींचा मुलगा तिथेच राहतो म्हणे.